डोकी त्यांच्याकडे, शेपट्या आमच्याकडे

"जा, वयनीकडनं डोकी घेऊन ये."

मी तांदूळ निवडत होते. सुपातला हात सुपातच राहिला. वयनीकडनं म्हणजे थोरल्या जावेकडनं, गडग्याच्या पलीकडनं. आमची दोन घरं शेजारी, मधे कमरेएवढा दगडी गडगा. मागल्या गणपतीपासून त्या गडग्यावरून मिठाचा खडाही इकडचा तिकडे झाला नव्हता.

"काय म्हणून मागू?"

"गिऱ्हाईकाचं काम हाय म्हण. दाराचं."

"आणि विचारलंन, कुठल्या गिऱ्हाईकाचं?"

"ती नाय विचारणार."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. पण लिहिताना सारखं 'हे' नि 'ह्यांनी' म्हटलं तर वाचणाऱ्याला कोण ते कळायचं नाही, म्हणून घेते. दौलत. दौलत पांचाळ, सुतार. पडवीत उकिडवे बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात फणसाच्या तीन फळ्या पालथ्या पडल्या होत्या. रंधा मारून कडा अशा केल्या होत्या की दोन फळ्या टेकवल्या तर मधून उजेड दिसू नये. सकाळपासून त्या फळ्या दोराने आवळून बघणं चाललं होतं. दोरात काठी घालून पीळ द्यायचा, बाजूने पाचर ठोकायची. पीळ बसला की मधली फळी पोट काढून वर यायची. खाली दाबली की दोर सैल पडायचा.

दार नव्हतंच ते. पाट होता, गणपतीचा.

आमच्या भागात नागपंचमीला घराघरातला पाट गणपतीच्या शाळेत जातो. मूर्तिकार त्याच पाटावर माती चढवतो आणि चतुर्थीला आपण आपल्याच पाटावरचा देव डोक्यावर घेऊन घरी येतो. आमच्या भाऊबंदांचा पाट एकच, तो थोरल्या घरून जायचा. माझे दीर राघोभावजी तो घेऊन जायचे, मागून दौलत. त्या वर्षी दौलतनी दुसरा पाट पाठवायचं ठरवलं होतं. भावांच्या चुली वेगळ्या होतात, जमिनी वेगळ्या होतात, गावाला त्याचं काही वाटत नाही. पण एकदा गणपती वेगळा झाला की घर वेगळं झालं. ते परत एक करायची रीत आमच्याकडे नाही.

कारण विचाराल तर एवढंसं. मागल्या वर्षी भर आरतीत राघोभावजींनी आरतीचं तबक दौलतना न देता मुंबईहून आलेल्या चुलत पुतण्याच्या हातात दिलं. दौलत तिथून जे उठले ते जेवलेही नाहीत. मला म्हणाले, "त्या घरच्या चुलीपुढं तू जायचं नाय." मी गेले नाही.

मला त्यांना अडवावं असं वाटत होतं का? वाटत होतं. पण अडवायलाही अंगात काही असावं लागतं. गाय, शेत, पडवीतला भुसा, ह्यांचा राग. सगळ्यांचं करता करता मी अशी झाले होते की कोणी भांडलं तरी चालेल, पण मला मधे उभं करू नका, असं वाटायचं. आणि मधे उभी मीच असायचे.

मी सूप बाजूला ठेवलं आणि उठले.

डोकी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सासऱ्यांनी हौसेने पाईप क्लॅम्प आणले होते. फळ्या जोडताना घट्ट धरून ठेवायचं साधन ते. साध्या लोखंडी पाईपाच्या एका टोकाला आटे पाडलेले असतात, त्यावर एक जबडा फिरवून बसवायचा. त्याला पुढे स्क्रू आणि फिरवायला दांडी. ते डोकं. दुसरा जबडा पाईपावर मागेपुढे सरकतो, त्याच्या आत लोखंडी चकत्या असतात, त्या ताण आला की पाईपाला चावून बसतात. ती शेपटी. डोकं आणि शेपटी यांच्यामधे फळ्या. मोठं काम आलं की लांब पाईप, लहान आलं की आखूड. जबडे तेच.

सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या. वाटण्या करायला चुलतसासरे आले, मुंबईच्या गिरणीत जन्म काढलेले. न्यायी माणूस. पण रंधा आणि खुर्ची यातला फरक त्यांना बसल्यावरच कळायचा. त्यांनी पडवीत दोन ढीग मांडले. करवत इकडे, करवत तिकडे. पटाशी इकडे, पटाशी तिकडे. मग क्लॅम्प आले. पाईप निम्मे निम्मे झाले. डोकी एका ढिगात गेली, शेपट्या दुसऱ्या ढिगात.

"काका, ते असं नाय चालत," असं दोघांपैकी एकाने म्हणायला हवं होतं. राघोभावजींना वाटलं, धाकटा बोलेल. दौलतना वाटलं, थोरल्याने बोलावं. काकांनी विचारलं, "कोणाची तक्रार?" दोघे म्हणाले, "नाय." आणि डोकी त्यांच्याकडे गेली, शेपट्या आमच्याकडे आल्या. तेव्हापासून दोन्ही पडव्यांत लोक दोर आणि पाचरीने फळ्या जोडत होते. जोडत कसले, झुंजत होते.

वेणूवयनी मागीलदारी पायरीवर बसली होती. पाय पुढे पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. मला बघितलं तसं लुगडं पायावर ओढलंन.

"ये गो. वाट चुकलीस?"

"वयनी, डोकी हवी होती."

"माझंच ने. सकाळपासनं ठणकतंय."

"क्लॅम्पांची."

"हां." तिने तेलाची वाटी बाजूला सारली. "काय काम काढलंन?"

"दार हाय. गिऱ्हाईकाचं."

"आषाढात दार कोण करतं गो? फुगलेल्या चौकटीचं माप घेऊन?"

मी पायरीकडे बघत राहिले. पागोळ्या पडून पडून पायरीच्या कडेला खळगा झाला होता.

"केवढं हाय तरी?"

मी हाताने रुंदी दाखवली. दाराएवढे हात पसरायला हवे होते. ते आपोआप पाटाएवढे झाले आणि तिथेच थांबले. वेणूवयनी माझ्या हातांकडे बघत राहिली. मीही बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग मी ते खाली घेतले.

ती भिंतीला धरून उठली, आत गेली. बराच वेळ माळ्यावर खुडबुड ऐकू आली. आली ती जुन्या धोतराच्या फडक्यातलं गाठोडं घेऊन. सोडून दाखवलंन. चार डोकी, एकाही आट्यावर गंज नाही.

"तेल कोण लावतं यांना?"

"मीच. दर पावसात. ते म्हणतात, शेपटीशिवाय डोकं, लोणचं घालतेस काय त्याचं? मी म्हटलं, असूं दे. लोखंडाला काय ठाऊक वाटण्या झाल्या ते."

"भावजींना विचारायला नको?"

"विचारलं तर नाय म्हणतील. म्हणून दिल्यावर विचारते."

गाठोडं जड होतं. गडग्यापर्यंत ती माझ्यामागून आली. तिथे दगडावर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कुंदा, बरा मोठा कर म्हणावं. तुझ्याकडं पण माणसं येतील आता."

मला ते टोचलं. टोचावं म्हणूनच म्हटलं असणार असं वाटलं. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दोघी एका जात्यावर बसायचो. मला ओव्या यायच्या, तिला यायच्या नाहीत. ती म्हणायची, तू म्हण, मी ओढते. तेव्हा मी तिच्यावर रचलेली एक अजून आठवते:

जाऊ माझी गं थोरली
जशी देवापुढं वात
घरादाराला उजेड
काजळी तिच्या हातात

ती ऐकून तिने जातं थांबवलं होतं. "पुरे," म्हणाली होती. "पीठ जाडं येतंय."

दौलतनी डोकी हातात घेतली, एक दांडी फिरवून पाहिली. लोण्यासारखी फिरली. चेहरा थोडा मऊ झाला, लगेच परत होता तसा झाला.

आता पाईप. आमच्या वाट्याचे काळे पाईप मी पडवळाच्या मांडवाला लावले होते. उन्हापावसात राहून त्यांच्यावर गंजाचे पापुद्रे चढले होते. म्हणून दौलतनी बाजारातून नवे आणले होते, पांढरे, चकचकीत, आटे पाडून. दिसायला देखणे. त्यांनी डोकी बसवली, शेपट्या सरकवल्या, फळ्यांच्या कडांना गोंद लावला, पाण्याला न सुटणारा. फळ्या मधे ठेवल्या आणि दांडी आवळायला घेतली.

एक फेरा, दोन फेरे. फळ्या जवळ आल्या. तिसऱ्याला शेपटी सुळकन मागे घसरली आणि फळ्या पुन्हा सुट्या झाल्या.

शेपटी परत पुढे. परत आवळणं. परत सुळकन. तिसऱ्यांदा त्यांनी दातओठ खाऊन पीळ दिला तेव्हा शेपटी पाईपावर पांढरा ओरखडा काढत निघून गेली. गोंद जमिनीवर ठिबकला. एकदा लावलेला गोंद थांबत नाही, तो सुकायला लागला की सगळ्या कडा परत तासून काढाव्या लागतात. मी भिंतीला टेकून उभी होते. हातात ओलं फडकं होतं. काय पुसायचं तेच कळत नव्हतं.

"पांढऱ्यावर नाय धरणार ती."

आवाज गडग्यावरून आला. राघोभावजी उभे होते, डोक्यावर पावसाचं इरलं. त्यांच्या खांद्यावर काळे पाईप होते.

दौलतनी मान वर केली नाही.

"त्याला कल्हई असते," राघोभावजी मला सांगत असावेत तसे बोलले. "चकत्या चावायला जातात नि घसरतात. काळ्याला अंग खरबरीत. बाबांनी काय उगाच काळे आणले?"

"घाईत मिळाले ते आणले," दौलत फळ्यांना म्हणाले.

"गोंद लावलास?"

"लावला."

"मग बघत काय बसलास? सोड डोकी."

ते गडगा ओलांडून आले. दार लांब पडलं असतं. दौलतनी डोकी सोडली, राघोभावजींनी काळ्या पाईपांवर चढवली. शेपट्या सरकल्या, आणि पहिल्याच फेऱ्याला 'टक्' असा बारीक आवाज करून जागच्या जागी चावून बसल्या. तो आवाज ऐकून दोघेही क्षणभर थांबले. वाटण्या झाल्यापासून ते क्लॅम्प असे पुरते झाले नव्हते.

"सगळे वरून नको लावू," राघोभावजी म्हणाले. "एक वरून, एक खालून."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय तर मग तीन वरून कसे?"

दौलतनी एक काढून खाली घातला. "आता?"

"आता कागद घाल. ओल्या गोंदात लोखंड टेकलं की फणस काळा पडतो. देवाच्या पाटाला..." ते थांबले. "दाराला डाग बरा दिसत नाय."

मी आतून जुनं वर्तमानपत्र आणून दिलं. त्यांनी त्याच्या पट्ट्या फाडून पाईपाखाली सारल्या. कडांना लाकडाचे तुकडे लावले, जबड्यांचे वण उठू नयेत म्हणून. मग एका बाजूला थोरला, एका बाजूला धाकटा, दांड्या फिरवायला लागले. एकाने अर्धा फेरा दिला की दुसरा अर्धा द्यायचा. दोन गडी भात कांडताना एकाचं मुसळ वर तर दुसऱ्याचं खाली असतं, तसं. कुणी कुणाला सांगत नव्हतं. सांध्यातून गोंदाचे बारीक मणी एका ओळीत वर आले.

दौलतनी आणखी पीळ दिला.

"पुरे."

"अजून जाईल."

"जाईल रे. पण गोंद सगळा बाहेर आला तर आत काय राहील? सोड थोडं. कडा नीट बसल्यात. क्लॅम्पाने धरायचं असतं, चिरडायचं नसतं."

दौलतनी दांडी उलटी फिरवली. एवढीशीच. मग राघोभावजींनी फळीवर बोट टेकवून ती सपाट आहे का ते पाहिलं, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि गोंदाचे मणी पुसून टाकले.

"उद्या सकाळपर्यंत हात लावू नको. हवा ओली हाय, वेळ घेईल."

दौलत उभे राहिले. गुडघ्यांना भुसा लागला होता. झटकला नाही.

"दादा, हे दार नाय."

"मला दार नि पाट कळत नाय काय?"

"मग आलास कशाला?"

राघोभावजी पडवीच्या खांबाला टेकले. मला वाटलं, आता सुरू होईल. तबक निघेल, वाटण्या निघतील, मेलेले सासरे निघतील.

"ओल्या मातीचं वजन येईल त्याच्यावर," ते म्हणाले. "सांधा सुटला, मूर्तीला चीर गेली, तर देव काय तुझ्या एकट्याचा फुटेल?"

दौलत फळ्यांखालून उगाच कागदाचं टोक ओढत राहिले, मग पावसात उठून गोठ्याकडे गेले. त्यांना रडू आवरायला गोठा लागायचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी चहा टाकला. राघोभावजी पन्हाळीखाली हात धूत होते. गोंद बोटांमधून निघत नव्हता. हात धुताधुताच, माझ्याकडे पाठ करून बोलले.

"कुंदा, तिचे पाय बघितलेस?"

"तेल चोळत होती."

"गेल्या गणपतीत तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसली ती उठता येईना. मुंबईची सगळी माणसं, गावची, भजनाची. तू आली नाहीस. कोणाला कळू दिलं नायन. मी हाताला धरून उठवली तर म्हणते, सोडा, लोक बघतील." त्यांनी ओले हात धोतराला पुसले. "थोरल्या घराला म्हणता येत नाय गो, की आम्हांला झेपत नाय. ते ओझं धाकट्यानेच रागावून वाटून घ्यायचं असतं."

मी कप पुढे केला. त्यांनी उभ्यानेच घेतला.

"मग भावजी, तबक?"

"त्या पुतण्याचं मला काय एवढं कौतुक? पोर समोर होता, दिलं. ह्याला राग यावा म्हणून नाय दिलं. पण आला तो आला, मग तिचे पाय बघून म्हटलं, राहूं दे." त्यांनी चहा एका घोटात संपवला. "बोलू नको त्याला. राग गेला तर पाट अर्धवट ठेवील."

आणि गडग्यावरून परत गेले. डोकी परत न्यायचं नाव कुणी काढलं नाही.

नागपंचमीला शाळेत दोन पाट गेले. दौलत आणि राघोभावजी वेगवेगळ्या वाटेने गेले, येताना एकाच वाटेने आले, पण मधे बरंच अंतर ठेवून. गावात बोलणं झालं. कुणी म्हणालं, पांचाळांचं फाटलं. कुणी म्हणालं, बायकांनी फाडलं. मी ऐकून घेतलं. मधे उभं राहायची सवय होतीच.

चतुर्थीला मुंबईची निम्मी माणसं आमच्याकडे उतरली. मोदक दोन घरांत झाले. माझे हात उकडीने आणि वाफेने भाजून निघाले, पण वेणूवयनीच्या हातांवरचं तेवढं ओझं उतरलं असेल हे मला तेव्हा नीटसं सुचलंही नव्हतं. चुलीपुढे बसलं की दुसऱ्याची चूल दिसत नाही.

संध्याकाळी आधी त्यांच्याकडे आरती झाली आणि मग सगळे आमच्याकडे आले. राघोभावजी, मुंबईची पोरंटोरं आणि सगळ्यांच्या मागून, पदराला ओले हात पुसत, वेणूवयनी. इतक्या वर्षांत आरती चालू असताना मी तिला देवासमोर बघितली नव्हती. ती आतच असायची. आरती ऐकू यायची तिला, भाजीच्या फोडणीमधून. त्या दिवशी आत तिचं काही नव्हतं. चूल माझी होती.

ती कुठे बसू म्हणून बघत राहिली. मी पुढे बसायचा पाट टाकला. म्हणाली, "नको गो, इथंच," आणि दाराजवळ भिंतीला पाठ टेकवून, पाय पसरून बसली. पाय झाकलेनही नाहीत.

आरती सुरू झाली. टाळ वाजू लागले, पोरांनी आवाज चढवला. दौलत घंटा वाजवत होते. पहिलं कडवं संपायच्या आत मी मागे बघितलं तर वेणूवयनीचं डोकं खांद्यावर कललं होतं. तोंड थोडं उघडं. हात मांडीवर उताणे पडले होते, कुणीतरी काढून ठेवल्यासारखे.

एका पुतणीने तिला हलवायला हात पुढे केला. राघोभावजींनी तो मधेच धरला.

"असूं दे."

त्यांनी आपले टाळ खाली ठेवले. दौलतनी ते बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. घंटा हाताने धरून थांबवली. टाळ एकेक करत थांबले. पोरांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांचा आवाजही आपोआप खाली आला. दौलत हळू म्हणत होते, राघोभावजी त्याहून हळू, आणि आम्ही सगळे, पाळणा म्हणावा तशी, अगदी शेवटपर्यंत ती आरती म्हणत राहिलो.

देवाने ऐकली असेल. वेणूवयनीची झोप मोडली नाही.